डेटॉलचं झाकण आणि सब्जाचं पाणी

एका तरुणाचं माझ्याकडं आलेलं पत्र असं आहे. नाव-गाव ओळखू येईल असा मजकूर मी काढून टाकला आहे, बाकी शब्द त्याचेच.

“मॅडम, मी २८ वर्षांचा आहे. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर आहे. साखरपुडा झालाय, वैशाखात लग्न आहे. पंधरा दिवसांपूर्वी कॉलेजची एक मैत्रीण बऱ्याच वर्षांनी भेटली. आम्ही पन्हाळ्याला गेलो आणि तिथं व्हायला नको ते झालं. कंडोम नव्हता. ती चांगल्या घरची आहे, तसली नाही. तरी घरी आल्यावर मनात पाल चुकचुकली म्हणून त्याच रात्री डेटॉलनं धुतलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आग सुरू झाली ती थांबेना. पुढची कातडी लाल झालीय, खाज सुटते, लघवीला गेलं की झोंबतं. कडेनं ओळीनं बारीक दाणे दिसतात. मित्रानं एक ट्यूब दिली, लावली की दोन दिवस बरं वाटतं, मग परत तेच. मेडिकलमधून पाच गोळ्यांचा कोर्स आणला, त्यातल्या दोन खाल्ल्या. रोज दोन-तीनदा डेटॉलनं धुतो. रात्रभर मोबाईलवर वाचत बसतो. आईला उन्हाळी लागलीय म्हणून सांगितलं. ती रोज सकाळी सब्जाचं पाणी करून देते. ते पिताना मला रडू येतं. मला एड्स झाला असेल का? लग्न मोडावं का?”

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. माझी सगळी नोकरी त्वचा आणि गुप्तरोगाच्या ओपीडीत गेली. टेबलाच्या पलीकडं बसून असंच सांगणारी किती मुलं पाहिली असतील, मोजदाद नाही. बहुतेक जण शेवटचं वाक्य पहिल्यांदा बोलतात, ‘मॅडम, मला तो आजार झालाय का?’ म्हणून त्याचं उत्तर आधी देते. तू लिहिलेल्या त्रासावरून एड्स ठरत नाही. ती आग, तो लालपणा, ती खाज ही एचआयव्हीची लक्षणं नाहीत. एचआयव्ही कातडी लाल करून आपण आल्याची वर्दी देत नाही. तो असला किंवा नसला तरी रक्त तपासूनच कळतो, आणि तेही योग्य दिवशी तपासलं तर. त्या दिवसांचा हिशेब पुढं मांडून देते.

आता त्या रात्रीकडं येऊ. तू लिहिलंस की त्याच रात्री डेटॉलनं धुतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आग सुरू झाली. माझी नजर या वाक्यावर अडकली. संबंधातून होणारे आजार असे रातोरात उगवत नाहीत. परमा, म्हणजे गोनोरिया, साधारण दोन ते पाच दिवसांनी पू दाखवतो. क्लॅमायडियाला एक ते तीन आठवडे लागतात. नागीण ज्या जातीच्या विषाणूमुळं होते त्याच घराण्यातला जननेंद्रियाचा हर्पिस दोन ते बारा दिवसांत फोड आणतो. जुनी माणसं जिला गरमी म्हणायची त्या सिफिलिसचा व्रण सरासरी तीन आठवड्यांनी येतो, कधी दहाव्या दिवशी, कधी तीन महिन्यांनी. यातलं कुठलंही दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी हजर होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जे हजर होतं ते डेटॉलनं भाजलेलं असतं.

त्या बाटलीवरच लिहिलेलं असतं की पाण्यात मिसळून वापरा. पण घाबरलेला माणूस बाटली वाचत नाही, झाकण भरतो. हाताची कातडी राठ असते, ती सोसते. लिंगाच्या पुढच्या कातडीच्या आतला भाग ओठाच्या आतल्या भागासारखा असतो, नाजूक आणि ओलसर. तिथं तू रोज दोन-तीनदा जंतुनाशक लावतोयस. मी नोकरीत असताना एक मुलगा आला होता, तुझ्याच वयाचा. आठ दिवस बिनपाण्याचं जंतुनाशक लावत होता. तपासायला कातडी मागं केली तर दुधावरची साय बोटाला यावी तसा पापुद्रा निघून आला. खाली गुलाबी, ओलं, कच्चं. त्याचे सगळे रिपोर्ट स्वच्छ आले. औषध म्हणून मी त्याला काय दिलं असेल? धुणं बंद करायला सांगितलं आणि साधं व्हॅसलीन लावायला सांगितलं. आठवड्यात कातडी भरून आली. आठ दिवस तो मनातल्या मनात आपल्या मरणाची तयारी करत होता.

तुझंही अगदी तसंच असेल असं मी न बघता म्हणणार नाही. कातडी भाजलेली असली म्हणून आत दुसरं काही शिरलेलं नाही असा अर्थ होत नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतं. दुसरी मोठी शक्यता बुरशीची, म्हणजे कॅन्डिडाची. संबंधानंतर दोन-तीन दिवसांत लाली, बारीक पुरळ, कातडीच्या आत दह्यासारखा पांढरा थर आणि खाज, हे तिचं नेहमीचं रूप. ही बुरशी बऱ्याच जणांच्या अंगावर तशीच राहत असते आणि ओल, घाम, उष्णता मिळाली की माजते. फौंड्रीतली शिफ्ट, मार्चचा उन्हाळा, घामानं भिजलेली जीन्स आणि तीच चड्डी संध्याकाळपर्यंत. आणखी काय हवं? पुढच्या कातडीला बारीक चिरा पडत असतील किंवा हा त्रास परत परत होत असेल तर एकदा रक्तातली साखर बघून घे. २८ हे वय साखरेसाठी लहान नाही. पुढच्या कातडीची बुरशी दाखवायला आला आणि मधुमेह सापडला, असे रुग्ण मी पाहिलेत.

ते झोंबणं नक्की कुठं आहे, एवढं मला तू बघून सांगायला हवं होतंस. लघवी नळीतून येताना आतून, सुरुवातीपासूनच जळजळत असेल तर नळीला संसर्ग असण्याची शक्यता वाढते. लघवीचा थेंब बाहेरच्या सोललेल्या कातडीला लागल्यावर झोंबत असेल तर ती जखमेची आग. उद्या सकाळी उठल्यावर, लघवीला जाण्याआधी, टोकाशी बघ. पिवळा किंवा पांढरा थेंब आहे का, चड्डीवर डाग आहे का. नुसतं बघ. दाबून, पिळून काढून बघू नकोस. घाबरलेली मुलं दिवसातून दहा वेळा पिळून बघतात, त्यानं नळी दुखावते, मग खरोखरच काहीतरी चिकट येतं आणि भीती दुप्पट होते. पू येतोय की नाही याची खात्री करता करता पू आणायचा, असं ते होतं.

ओळीनं आलेल्या दाण्यांचं म्हणशील तर लिंगाच्या टोपीच्या कडेला एकसारखे, मोहरीपेक्षाही बारीक, कातडीच्याच रंगाचे, एका-दोन रांगांत बसलेले दाणे कित्येक पुरुषांना वयात आल्यापासून असतात. तो आजार नाही, लागणही नाही. आधी तू इतक्या बारकाईनं, मोबाईलचा टॉर्च लावून, कधी बघितलंच नव्हतंस. मात्र दाणे एकमेकांसारखे नसतील, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे खडबडीत असतील किंवा वाढत असतील तर ते चामखीळ असू शकतं. ते डॉक्टरच्या एका नजरेत कळतं.

मित्रानं दिलेली ट्यूब. ही ट्यूब कोल्हापुरातल्या निम्म्या घरांत कपाटात आहे, असं मला नेहमी वाटतं. तिच्या पाठीमागं बारीक अक्षरात तीन-चार औषधांची नावं असतात. क्लोबेटासॉल, बेक्लोमेटासोन, बीटामेथासोन यांपैकी एखादं नाव दिसलं की समज, त्यात स्टेरॉइड आहे. बरोबर बुरशीचं औषध असतं, जंतूंचंही असतं, म्हणून सगळ्यांना वाटतं की एकाच ट्यूबमध्ये सगळं भागलं. स्टेरॉइड सूज आणि खाज दाबतं. दोन दिवस बरं वाटतं ते त्यामुळंच. खाली बुरशी मात्र निवांत पसरते, कातडी पातळ होते, आणि लावायचं थांबवलं की दुपटीनं उसळी. जांघेतलं गजकर्ण आज औषधांना दाद देईनासं झालंय, त्याला या ट्यूबचा हातभार मोठा आहे. ती ट्यूब बंद कर. मित्राला परत देऊ नकोस, तो आणखी कुणाला देईल.

मेडिकलमधल्या पाच गोळ्यांपैकी दोन खाल्ल्यास. हे मला सगळ्यात जास्त खटकलं. गोळी चुकीची असेल तर उपयोग नाही, आणि बरोबर असेल तर अर्धवट घेतल्यानं आजार मरत नाही, नुसता दबतो. पू थांबतो, व्रण बुजतो, रोगी खूश होतो, आणि जंतू आत राहून पुढच्या माणसापर्यंत पोहोचतो. शिवाय तपासणीत गोंधळ होतो. उरलेल्या गोळ्या आता आपल्या मनानं घेऊ नकोस आणि टाकूही नकोस. पाकीट खिशात घालून डॉक्टरकडं ने. ‘कुठली तरी गोळी घेतली’ म्हणण्यापेक्षा ते पाकीट त्यांना बरंच काही सांगेल.

तर आजपासून एवढंच. डेटॉल बंद, साबण बंद. दिवसातून एकदा, कातडी हळू मागं घेऊन, साध्या कोमट पाण्यानं धू, टिपून कोरडं कर आणि कातडी परत पुढं आण. ती परत पुढं आणायला विसरू नकोस. मागं राहिली, अडकली आणि टोक सुजलं तर तासाभरात दवाखाना गाठायचा, दिवस उजाडायची वाट बघायची नाही. सुती, सैल चड्डी घाल, शिफ्ट संपली की बदल. आगीला साधं व्हॅसलीन चालेल. डॉक्टरनं बघेपर्यंत संबंध नको, हस्तमैथुनही काही दिवस नको, कातडीला विश्रांती हवी. आणि खाली वृषणात दुखायला लागलं, एक बाजू सुजली, ताप भरला, लघवी अडली, तर सोमवार-मंगळवार न बघता त्याच दिवशी जा.

आता जायचं कुठं? मला माहीत आहे, तुझी खरी अडचण हीच आहे. कोल्हापुरात पेठेत शिंकलं तर तालमीत ‘बरा हैस का’ म्हणून विचारतात. शाहूपुरीतल्या एखाद्या स्किनच्या दवाखान्यात बसलास आणि समोरून सासुरवाडीचं कुणी आलं तर काय, या भीतीनं तू मेडिकलच्या काउंटरवर थांबलास. आणि याच भीतीवर स्टँडाजवळच्या लॉजच्या आणि मुताऱ्यांच्या भिंतीवरच्या ‘शर्तिया इलाज’वाल्यांचं दुकान चालतं. त्यांच्याकडं जाऊ नकोस. ते आधी धातूची भीती घालतात आणि मग हजारोंचं चूर्ण गळ्यात मारतात.

तू सीपीआरला जा. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आपलं जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय आहे आणि राजर्षी शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेलं आहे. सकाळच्या ओपीडीला जायचं, केसपेपर काढायचा. केसपेपरच्या खिडकीवर तुला काही उलगडून सांगावं लागत नाही. ‘स्किनला’ एवढं म्हटलं की बास. तुझ्या पुढं नायट्याचा माणूस असेल, मागं तारुण्यपीटिकांची कॉलेजची मुलगी असेल. कोण कशासाठी आलंय हे कपाळावर लिहिलेलं नसतं. आत डॉक्टरांसमोर मात्र आढेवेढे नको. ‘वीस दिवसांपूर्वी कंडोमशिवाय संबंध आला, दुसऱ्या दिवसापासून आग आहे, हे लावलं, हे खाल्लं,’ एवढी एक ओळ सरळ बोल. तुला वाटतं तेवढं त्यांना काही वाटत नाही. त्यांच्यासाठी तू त्या दिवशीचा चाळिसावा रुग्ण असशील.

सरकारी रुग्णालयांत या आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तपासणी आणि औषधं मोफत. लक्षणांप्रमाणं औषधांची रंगीत पाकिटं ठरलेली आहेत, नळीतून पू येत असेल तर करड्या रंगाचं, व्रण असेल तर पांढरं. म्हणजे तिथं अंदाजपंचे कारभार नसतो. आणि एचआयव्हीसाठी आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणीचं सरकारी केंद्र. तिथं आधी समुपदेशक बसवून बोलतात, तुझी संमती घेतात, मग रक्त घेतात. हेही मोफत. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं संमतीशिवाय ही तपासणी करायला मनाई केलीय आणि रिपोर्ट गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय. कोल्हापुरात पाऊलच उचलवत नसेल तर मिरजेच्या शासकीय रुग्णालयात जा, साधारण तासाभराचा रस्ता आहे. आपल्याकडची कितीतरी माणसं त्यासाठीच मिरजेला जातात, मला त्यात कमीपणा वाटत नाही. तपासणी होणं महत्त्वाचं. तेही आज जमत नसेल तर १०९७ वर फोन कर. टोल फ्री आहे, नाव विचारत नाहीत.

आता दिवसांचा हिशेब. पत्र माझ्याकडं पोचायला पाच दिवस लागले, म्हणजे आज तुला साधारण २० दिवस झाले. तुझ्या लग्नाला अजून ५० दिवस आहेत असं धरते.

एक संधी गेली, ती इतर वाचकांसाठी सांगते. असा प्रसंग घडल्यावर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात गेलं तर, धोका खरा आहे असं डॉक्टरांना वाटल्यास, एचआयव्ही टाळण्यासाठी २८ दिवसांच्या गोळ्या सुरू करता येतात. त्याला पेप म्हणतात. जितकं लवकर तितकं चांगलं, ७२ तासांनंतर उपयोग नाही. डेटॉलच्या झाकणाऐवजी त्या रात्री तुला हे कुणी सांगितलं असतं तर, असं मनात येतं. पण आपल्याकडं हे शाळेत सांगत नाहीत, घरात तर नाहीच.

तू या आठवड्यात पहिली तपासणी करून घे. एचआयव्ही, सिफिलिससाठी व्हीडीआरएल, हिपॅटायटिस बी, लघवी आणि साखर. लघवी द्यायच्या आधी तास-दोन तास लघवीला जाऊ नकोस, पहिली धार हवी असते. यातले एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिसचे रिपोर्ट चांगले आले तरी ते ‘त्या रात्रीचे’ नाहीत, त्याआधीचे आहेत, हे लक्षात ठेव. दुसरी तपासणी ४५ दिवस पूर्ण झाल्यावर. त्या वेळी लॅबला ‘चौथ्या पिढीची, अँटिजेन-अँटिबॉडी’ एचआयव्ही तपासणी माग, शिरेतून रक्त काढून करतात ती. ती निगेटिव्ह आली की जवळजवळ निश्चिंत व्हायला हरकत नाही, आणि ती लग्नाच्या पंचवीस दिवस आधी तुझ्या हातात असेल. तिसरी, सिफिलिससकट सगळी, तीन महिने झाल्यावर. मग हा विषय बंद. दर चार दिवसांनी वेगवेगळ्या लॅबमध्ये रक्त देत फिरू नकोस. तसे फिरणारेही मी पाहिलेत, पंधरा-पंधरा रिपोर्ट पिशवीत घेऊन. त्यांची भीती एकाही रिपोर्टनं गेली नाही.

धोका किती, हे तू विचारलं नाहीस, पण रात्री तेच शोधत असणार. समोरची स्त्री एचआयव्हीबाधित असेल आणि उपचार घेत नसेल असं धरलं तरी एका योनिसंबंधात पुरुषाला लागण होण्याचं प्रमाण दहा हजारांत साधारण चार मानलं जातं. व्रण किंवा दुसरा गुप्तरोग असेल तर ते वाढतं. शून्य नाही, म्हणून तपासायचं. पण रोज रात्री तीनपर्यंत जागून लग्न मोडायचा विचार करण्याएवढंही नाही. हिपॅटायटिस बीची लस मात्र घेऊन टाक, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी, असे तीन डोस असतात.

आता ज्या वाक्यासाठी मी तुझं पत्र निवडलं, तिथं येते. ‘ती चांगल्या घरची आहे, तसली नाही.’

बाळा, तूही चांगल्या घरचाच आहेस ना? जंतू घर विचारत नाहीत. आणि तुझ्या सगळ्या पत्रात ती एवढ्या एका वाक्यापुरतीच आहे. तुला तिच्याकडून काही लागलं का, एवढंच तू विचारतोस. तुझ्याकडून तिला काही गेलं का, हे नाही विचारलंस. याआधी तुझा कुणाशी संबंध आलाच नव्हता असंही तू लिहिलेलं नाहीस. पुरुषाचं सगळं बाहेर असतं, लाल झालं तर दिसतं, पू आला तर कळतो. बाईचं तसं नसतं. क्लॅमायडिया झालेल्या बहुतेक बायकांना काही जाणवतच नाही. आजार गुपचूप वर गर्भाशयापर्यंत, नळ्यांपर्यंत जातो, नळ्या चिकटतात, आणि काही वर्षांनी ‘मूल का राहत नाही’ म्हणून तीच दवाखान्याच्या पायऱ्या झिजवते. माझ्या शेजारच्या ओपीडीत, स्त्रीरोग विभागात, अशा कितीजणी यायच्या. त्यांच्या पोटात कुठल्या रात्रीचं काय राहिलं होतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

आणि आणखी एक. तिची पाळी आली का? विचारलंस? तू वीस रात्री स्वतःसाठी जागतोयस, ती कदाचित कॅलेंडरसमोर बसली असेल. पाळी चुकली असेल तर आता घरच्या घरी लघवीची तपासणी करता येते. गर्भ असेल आणि तिला नको असेल तर कायदेशीर, सुरक्षित गर्भपात तिचा हक्क आहे, लग्न झालेलं असो वा नसो. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली अविवाहित स्त्रियांचा हा हक्क मान्य केला आहे. जितकं लवकर, तितकं सोपं. मेडिकलमधून गोळ्या आणून घरी घ्यायच्या नाहीत, स्त्रीरोगतज्ज्ञाकडंच जायचं.

तिला फोन कर. अवघड आहे, मला कळतं. काय बोलायचं ते सुचत नसेल तर एवढंच म्हण, ‘अगं, त्या दिवसानंतर मला त्रास होतोय, मी दवाखान्यात जातोय. दोष तुला देत नाही, माझ्याकडूनही असेल. तूही एकदा दाखवून घे. पाळी आली का? काही असेल तर मी तुझ्याबरोबर यायला तयार आहे.’ शेवटचं वाक्य नुसतं म्हणायचं म्हणून म्हणू नकोस. डॉक्टरांना तुझ्यात काही सापडलं तर तिनं उपचार घेणं गरजेचंच आहे, आणि दोघांची औषधं संपून निदान सात दिवस होईपर्यंत कुणाशीही संबंध नको.

राहिला लग्नाचा प्रश्न. विसाव्या दिवशी, खाज सुटली म्हणून, कुणी लग्न मोडत नाही. ४५ दिवसांच्या तपासणीपर्यंत हा निर्णयच घेऊ नकोस. तोवर एक प्रश्न मात्र स्वतःला विचार, आजाराचा नव्हे. पन्हाळ्याला तू का गेलास? मैत्रीण अजून मनात आहे का, की एकदा पाय घसरला? साखरपुडा झालेल्या त्या मुलीशी तुला खरंच संसार करायचा आहे का? याचं उत्तर लॅब देणार नाही, आणि आजार नाही म्हणून ते आपोआप ‘हो’ही होणार नाही.

तपासणीत काही निघालं तर होणाऱ्या बायकोला लग्नाआधी सांगावंच लागेल, यात मी तडजोड करणार नाही. बरा होणारा आजार असेल तर बरा होऊन, तपासून, मग. एचआयव्ही निघाला तरीही सांगून, औषधं सुरू करून माणसं लग्न करतात, दीर्घ आयुष्य जगतात, पण ते तिच्या माहितीनं आणि तिच्या होकारानं. सगळं स्वच्छ आलं तरी तिसरी तपासणी लग्नानंतर वीस दिवसांनी येते, तोवर कंडोम वापरावा लागेल. ‘एवढ्यात मूल नको’ हे कारण तू देशील. ते खोटं नाही, पण पुरंही नाही. मला विचारशील तर लग्नाआधी दोघांनीही रक्त तपासून घेऊ असा विषय तू स्वतःहून काढ. आणि धीर झाला तर घडलेलं तिला सांग. ती काय म्हणेल हे मी सांगू शकत नाही. नाही म्हणाली तर तो तिचा अधिकार आहे.

आईचं सब्जाचं पाणी बंद करू नकोस. त्यानं आजार जाणार नाही, पण अपायही नाही, आणि उन्हाळ्यात भरपूर पाणी पोटात गेलं की लघवी पातळ होऊन झोंबणं थोडं कमी होतं. ‘उन्हाळी कमी होईना, सीपीआरला दाखवून येतो,’ एवढं तिला सांगून सोमवारी घरातून निघ. खोटं बोलल्यासारखंही होणार नाही. शिफ्ट दुपारची लावून घे, सकाळ मोकळी राहील. खिशात ट्यूब आणि गोळ्यांचं पाकीट, आणि कागदाच्या एका चिठ्ठीवर तीन तारखा लिही, पन्हाळ्याची, ४५ दिवसांची आणि तीन महिन्यांची.

सोमवारी डॉक्टर काय म्हणाले ते मला दोन ओळींत कळव. नाव नको. आणि तिनं फोन उचलला का, तेही लिही.